ब्रिटनहून ऑस्ट्रेलिया: कंटेनरच्या आधी काय उरकायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रेडिंगला नऊ वर्षं झाली. नवऱ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट, तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी). तो आयटीत, वय ३८. तुम्ही एनएचएसमध्ये नर्स, वय ३४. मुलगी इयर फाइव्हमध्ये, मुलगा साडेतीन वर्षांचा. मेलबर्नला कायमचं जायचंय, सप्टेंबरात निघायचा विचार आहे, आणि विचारलंय ते कंटेनर वीस फुटी घ्यावा की चाळीस.

कंटेनरचं सांगते, पण शेवटी. मेलबर्नला पोचल्यावरची कामं पोचल्यावर होतात. माणसं अडकतात ती ब्रिटनमध्ये उरकायची राहिलेल्या कामांपायी, कारण त्यातली काही तिकडून करताच येत नाहीत.

पहिलं काम तुमच्या पासपोर्टचं. सलग दोन वर्षं ब्रिटनबाहेर राहिलात की आयएलआर आपोआप संपतो. उद्या परत यावं लागलं तर नवरा आणि मुलं हीथ्रोवरून सरळ घरी, आणि तुम्ही नव्या व्हिसाचा अर्ज भरत बसणार. नवरा ब्रिटिश नागरिक असल्याने आयएलआरनंतर वर्षभर थांबायची अट तुम्हाला नाही. तीन वर्षांचं वास्तव्य आणि हातात आयएलआर एवढ्यावर नागरिकत्वाचा अर्ज होतो. शिवाय ‘पुढेही ब्रिटनमध्येच राहणार’ हा इरादा इतर अर्जदारांना दाखवावा लागतो, ब्रिटिश नागरिकाच्या जोडीदाराला नाही. म्हणजे खोटं लिहायचा प्रश्नच येत नाही. निकालाला सहा महिने धरून चाला. भारतीय नागरिकत्व जाईल, हे खरं. पण ऑस्ट्रेलियाचं घ्याल तेव्हाही ते जाणारच आहे, मग ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड) आज काढलं काय आणि पाच वर्षांनी काढलं काय! ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नागरिकत्व मात्र सोबत ठेवता येतं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा अर्ज चालू असताना पासपोर्ट बदलला तर नवा नंबर इमीअकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन खात्यात, लगेच कळवा. विमानतळावर व्हिसा पासपोर्टच्या नंबरावरूनच शोधतात.

दुसरं, ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर मिळणाऱ्या कायमच्या व्हिसासाठी मुख्य अर्जदार कोण? नवऱ्याचा पगार जास्त म्हणून त्याचं नाव पुढे करू नका. आयटीवाल्यांची पात्रता एसीएस ही तिकडची संस्था तपासते आणि पदवी नेमकी त्याच विषयाची असली तरी अनुभवाची पहिली दोन वर्षं सहसा वजा करते. आठ वर्षांचे सहा झाले की १५ ऐवजी १० गुण. तुमचा हिशेब बघा: वयाचे २५, पदवीचे १५, आठ वर्षांच्या अनुभवाचे १५, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ८ आले तर २०, आणि नवऱ्याचीही पात्रता तपासून घेतलीत तर जोडीदाराचे १०. झाले ८५. व्हिक्टोरिया राज्याने १९० व्हिसासाठी नामांकन दिलं तर आणखी ५. किमान ६५ लागतात, पण ६५ वर निमंत्रण येईल या आशेवर राहू नका. आयईएलटीएसमध्ये बहुतेकांचं घोडं लेखनात अडतं, तेव्हा तयारी त्याचीच जास्त करा. नवऱ्याला ब्रिटिश पासपोर्टमुळे परीक्षा द्यावी लागत नाही.

नर्सच्या नोंदणीसाठी ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये जलद मार्ग सुरू केला: ब्रिटनसारख्या मान्य देशात २०१७ पासून किमान १,८०० तास काम झालेलं असेल तर पूर्वीची लांबलचक परीक्षा टळते. आधी एप्राची (तिकडे नर्स म्हणून काम करायला लागणारी) नोंदणी करा, मग व्हिसासाठी नर्सची पात्रता तपासणाऱ्या एनमॅककडे जा. नोंदणी हातात असली की एनमॅकची तपासणी हलकी होते. हा क्रम उलटा केला तर तेच कागद दोनदा गोळा करावे लागतात.

निमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवस मिळतात. मुख्य अर्जदाराची फी पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, जोडीदाराची तिच्या निम्मी, प्रत्येक मुलाची साधारण पाव, आणि हे दर बहुतेक दरवर्षी १ जुलैला वाढतात. पोलिसांचा दाखला गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे एकूण बारा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा लागतो. ब्रिटनचा ॲक्रो या पोलीस कार्यालयाकडून मिळतो; दहातलं उरलेलं एक वर्ष भारतात गेलं असेल तर पीसीसी, म्हणजे भारताचा पोलीस दाखलाही लागणार. वैद्यकीय तपासणीत कुटुंबातला एक नापास म्हणजे सगळे नापास. कुणाचा जुना आजार असेल तर फी भरण्याआधी नोंदणीकृत एजंटला कागद दाखवा. आणि व्हिसाच्या पत्रातली पहिल्या प्रवेशाची मुदत नीट वाचा. ती व्हिसा मंजूर झाल्यापासून नव्हे, तर सहसा तपासणी किंवा पोलीस दाखला यातलं जे आधी झालं त्यापासून बारा महिने असते. दाखले घाईने काढून ठेवणारे इथेच फसतात.

आपल्या बायकांच्या अर्जात हमखास अडकणारी गोष्ट म्हणजे नाव. बारावीच्या आणि नर्सिंगच्या प्रमाणपत्रांवर माहेरचं आडनाव, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. एनएमसीच्या (ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेच्या) नोंदीत मधलं नाव गाळलेलं. आपल्याला त्यात एकच बाई दिसते, फाइल तपासणाऱ्याला तीन दिसतात. प्रत्येक अर्जात ‘इतर नावं’ या रकान्यात ही सगळी रूपं जशीच्या तशी लिहा आणि सोबत विवाहाचा दाखला जोडा. तो नुसता मराठीत असेल तर अनुवादकाच्या सही-शिक्क्याचं भाषांतर लागेल. भारतातून मागवायचे कागद सगळ्यात आधी मागवा, कारण सगळ्यात उशिरा तेच येतात.

आता पेन्शन. इथे तुमचा सप्टेंबर कामाला येतो. ब्रिटनच्या स्टेट पेन्शनसाठी नॅशनल इन्शुरन्सची किमान १० वर्षं लागतात; नऊ भरली तर हातात शून्य. दोन्ही देशांमधला सामाजिक सुरक्षेचा करार २००१ मध्ये संपला, तेव्हा तिकडची नोकरी यात जोडून मिळत नाही. पण नोकरदाराचं वर्ष मोजतात ते कमाईवर. ६ एप्रिलपासून सुरू होणाऱ्या कर-वर्षात ठरलेल्या किमान साप्ताहिक रकमेच्या ५२ पट, म्हणजे साधारण पावणेसात हजार पौंडांवर नोंद झाली की ते वर्ष पूर्ण धरतात. नर्सच्या पगारात हे तीन-चार महिन्यांत होतं. म्हणजे मार्चमध्ये निघालेल्या माणसाचं दहावं वर्ष बुडू शकतं आणि सप्टेंबरात निघालेल्याचं भरतं. सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद आजच उघडून पाहा. पुढे परदेशातून ऐच्छिक हप्ते भरायचे असतील तर स्वस्तातला वर्ग २ एप्रिल २०२६ पासून बंद झालाय, आणि महागड्या वर्ग ३ साठीही आता दहा वर्षांची अट आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्याचं ब्रिटिश स्टेट पेन्शन दरवर्षी वाढत नाही, पहिल्या हप्त्यावरच गोठतं, हेही लक्षात असू द्या.

नवऱ्याचं कंपनीचं पेन्शन तिकडच्या सुपरमध्ये (निवृत्ती निधीत) हलवून देतो म्हणणारे भेटतील. पंचावन्नच्या आत ते करायला गेलात तर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो. राहू द्या आहे तिथे.

कराची एकच गोष्ट सांगते, कारण ती एका ठरावीक दिवसाशी बांधलेली आहे. ज्या दिवशी तुम्ही ऑस्ट्रेलियाचे कर-रहिवासी होता, त्या दिवशीचा बाजारभाव हीच तुमच्या परदेशी शेअर, फंड आणि फ्लॅटची खरेदी किंमत धरली जाते. पुण्यात फ्लॅट असेल तर त्या तारखेचं मूल्यांकन करून घ्या, फंडांची त्या दिवसाची स्टेटमेंट जपून ठेवा. दहा वर्षांनी विकताना ती तारीख कुठून उकरून काढणार? एनआरई ठेवी आणि पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी ऑस्ट्रेलियात ते उत्पन्नच आहे. ब्रिटिश आयएसए या करमुक्त बचत खात्याचंही तेच.

गाडी चालवायचं ब्रिटिश लायसन्स दोघांकडेही असू द्या. ते व्हिक्टोरियात परीक्षा न देता बदलून मिळतं, कायमच्या व्हिसावर आलेल्यांना सहा महिन्यांची मुदत असते. भारतीय लायसन्सवर गेलात तर पुन्हा परीक्षा. विमा कंपनीकडून नो-क्लेमचं पत्रही घेऊन ठेवा. मुलाची कार सीट मात्र इथेच कुणाला तरी देऊन टाका. कितीही महाग असली तरी ऑस्ट्रेलियात ती बेकायदा आहे. तिथल्या सीटवर एएस/एनझेडएस १७५४ हे मानक छापलेलं लागतं आणि वरचा पट्टा गाडीला अडकवावा लागतो. विमानतळावरून टॅक्सी सांगतानाच सीट मागा.

शाळा. मेलबर्नचं शैक्षणिक वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरात संपतं, आणि वयाची रेघ ३० एप्रिलची. मुलगी सप्टेंबर ते एप्रिलमध्ये जन्मलेली असेल तर इंग्लंडचं इयर फाइव्ह संपवून आलेली ती ऑक्टोबरात चौथ्या सत्रासाठी पुन्हा इयर फाइव्हमध्येच बसेल आणि जानेवारीत इयर सिक्सला जाईल. मे ते ऑगस्टमधली असेल तर इयर फोरमध्ये. मुलांना हे नापास झाल्यासारखं वाटतं, म्हणून विमानात बसण्याआधी समजावून सांगा. तरी ऑक्टोबरात येणंच बरं: मैत्रिणी होतात, मग सुट्टी लागते. डिसेंबरच्या मध्यावर आलात तर शाळा बंद, कार्यालयं अर्धी बंद, आणि घरात दोन कंटाळलेली मुलं. रेडिंगच्या ग्रामर स्कूलसाठी इलेव्हन प्लस या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावला असेल तर तो थांबवायला हरकत नाही. व्हिक्टोरियाच्या सरकारी निवडक शाळांत प्रवेश नववीपासून आहे.

मुलाच्या लशींचं लाल पुस्तक हँडबॅगेत ठेवा. पोचल्यावर जीपीकडून (फॅमिली डॉक्टरकडून) किंवा कौन्सिलच्या लसीकरण केंद्रातून त्या नोंदी ऑस्ट्रेलियाच्या रजिस्टरवर चढवून घ्याव्या लागतात. त्याशिवाय किंडरमध्ये (बालवाडीत) प्रवेश पक्का होत नाही. कांजिण्यांची लस ब्रिटनने आपल्या नेहमीच्या कार्यक्रमात जानेवारी २०२६ मध्ये घेतली, ऑस्ट्रेलियात ती अठराव्या महिन्यालाच देतात. मुलाची ती बाकी निघायची शक्यता आहे.

घरभाडं आठवड्याचं सांगतात. ६०० डॉलर म्हणजे महिन्याला २,४०० नव्हे, २,६००: गुणिले ५२, भागिले १२. अनामत साधारण महिन्याभराची, आणि ती मालकाकडे न राहता सरकारी प्राधिकरणाकडे जमा होते. ताबा घेताना मिळणारा घराच्या स्थितीचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत भरून परत द्या, भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा लिहून आणि फोटो काढून. घर रिकामं मिळतं: फ्रिज नाही, वॉशिंग मशीन नाही. रेडिंगच्या घरमालकाचं शिफारसपत्र घर मिळवताना सोन्यासारखं चालतं, कारण तुमचा ब्रिटनमधला क्रेडिट इतिहास तिकडे कुणी पाहत नाही. आणि हो, सूर्य तिकडे उत्तरेकडून जातो. ऊन हवं तर बैठकीची खोली उत्तरेला बघा. वास्तुशास्त्राचं तुमचं तुम्ही ठरवा. जुलैत बिनहीटरच्या बेडरूम गारठतात, तेव्हा जाड दुलया फेकू नका.

आता कंटेनर. भाड्याच्या घरातल्या चौघांच्या सामानाने वीस फुटी कंटेनरही कसाबसा निम्माच भरेल. जागा वाटून घ्यायच्या कंटेनरमध्ये टाका, दारापर्यंत दहा-बारा आठवडे धरा. बारा महिन्यांहून जास्त वापरलेल्या वस्तूंवर शुल्क नाही, म्हणून जाताजाता नवा टीव्ही घेऊ नका. तपासणारे जैवसुरक्षेचे लोक आहेत आणि सफाईचा खर्च तुमच्याकडून घेतात. सायकलींचे टायर, बागेची अवजारं, बुटांचे तळवे, तंबूच्या खुंट्या ब्रशने घासून धुवा, व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी काढून टाका. देवघर, चौरंग, पोळपाट-लाटणं चालतं, पण लाकडाला साल किंवा किडीचं भोक नको. देवघराच्या कप्प्यातून अक्षता, सुपाऱ्या, वाळलेली फुलं, दर्भ झाडून काढा. सामानाच्या यादीत ‘पूजेचं साहित्य’ असं मोघम लिहिलंत तर खोका उघडलाच समजा. पितळी समई, तांब्याचा कलश असं एकेक नाव लिहा.

वीजदाब दोन्हीकडे २३० व्होल्ट, फक्त पिना वेगळ्या. दोन ब्रिटिश एक्स्टेंशन बोर्ड बॅगेतच ठेवा. एका ॲडॉप्टरवर चार्जर, लॅपटॉप सगळं चालतं (हीटर आणि किटली त्याला लावू नका). डब्यातलं खाणं काहीही असो, विमानातल्या कार्डावर ‘हो’ लिहा. जाहीर करून जप्त झालं तर फक्त लाडू जातात, लपवलेलं सापडलं तर दंड हजारांत जातो. कुकर कंटेनरमध्ये टाकू नका, सुटकेसमध्ये न्या, आणि त्याची जादा रिंग आणि शिट्टीही.