गालिच्यासाठी महागडा व्हॅक्युम क्लीनर हप्त्यांवर घ्यावा का?

प्रश्न : घरात तीन खोल्यांत गालिचे आहेत. जुन्या व्हॅक्युम क्लीनरने ते स्वच्छ होत नाहीत आणि मुलाला धुळीची ॲलर्जी आहे. दुकानदार बिनवायरचं महागडं मॉडेल २४ बिनव्याजी हप्त्यांवर देतोय. वायरचं मॉडेल त्याच्या एक तृतीयांश किमतीत मिळतं. काय करू?

उत्तर : हप्त्यांवर तर घेऊ नकाच. रोख घेतलं तर किती सूट आणि हप्त्यांवर प्रक्रिया शुल्क किती, हे दोन आकडे दुकानदाराकडून लिहून घ्या. ‘बिनव्याजी’मधलं व्याज बहुतेक वेळा तिथेच सापडतं. शिवाय दोन वर्षं दर महिन्याला बांधलेली रक्कम तुमच्या आणीबाणीच्या निधीतूनच कमी होणार, आणि घरात ॲलर्जीचं मूल असताना तो निधी मला जास्त मोलाचा वाटतो.

आता यंत्राकडे येऊ. गालिच्यातला खरा शत्रू वर दिसणारी धूळ नाही, मुळाशी बसलेली बारीक रेती आहे. पाय पडला की ती धागे कापते. नुसत्या हवेच्या ओढीने ती वर येत नाही. त्यासाठी मोटरवर फिरणारा ब्रश लागतो, जो धागे झटकून रेती मोकळी करतो. म्हणून पैसे ब्रशला मोजा, वॅटला नाही. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं तो आकडा. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून घरगुती यंत्रांवर ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे स्वच्छ होतातच. तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये या यंत्रांचं ऊर्जा लेबल (वीज किती लागते ते दाखवणारी चिठ्ठी) रद्द ठरवलं, कारण चाचणी रिकाम्या पिशवीवर होत होती. घरात पिशवी भरत जाते आणि ओढ कमी होते. तुमच्या जुन्या यंत्राचंही तेच झालं असेल, तेव्हा आधी फिल्टर, पिशवी आणि नळी तपासा. नळीत मोज्यासारखं काही अडकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे.

तरीही घ्यायचंच ठरलं तर वायरचं, मोटरच्या ब्रशचं आणि पिशवीचं घ्या. पिशवीचा खर्च कायमचा असतो हे खरं, पण बिनपिशवीच्या यंत्राचा डबा रिकामा करताना उडणारी धूळ मुलाच्या नाकात जाते, म्हणून तुमच्या घरी तो खर्च मी योग्य मानतो. हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर, हवाच. मात्र यंत्राचा सांगाडा हवाबंद नसेल तर धूळ फटींतून बाहेर येते आणि फिल्टरचे पैसे वाया जातात. बिनवायरच्या यंत्राची बॅटरी वर्षागणिक क्षीण होते आणि जोरदार ओढीवर लवकर संपते. किमतीत एक बदली बॅटरी धरा, एकूण रक्कम वापराच्या वर्षांनी भागा, मग तुलना करा. पाठदुखीमुळे वजन उचलणं जमत नसेल तर मात्र माझं उत्तर बदलेल.

लांब लूपचा (न कापलेल्या धाग्यांच्या फाशांचा) किंवा हाताने विणलेला लोकरी गालिचा असेल तर ब्रश बंद ठेवता यायला हवा, नाहीतर धागे ओढले जातात. खरेदीआधी हे दुकानात चालवून पाहा.

वापरताना घाई करू नका. एकाच पट्ट्यावर सावकाश पुढे-मागे, मग आडव्या दिशेने. मुलाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. पिशवी काठोकाठ भरायची वाट पाहू नका, आणि ब्रशला गुंडाळलेले केस प्लग काढून कात्रीने कापत जा, म्हणजे ब्रश फिरवणारा रबरी पट्टा लवकर तुटत नाही.