लीगमध्ये सहावी आलेली चेल्सी युरोपची विजेती कशी झाली?

प्रश्न: २०११-१२ च्या मोसमात चेल्सी प्रीमियर लीगमध्ये सहावी आली आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगही जिंकली. हे निव्वळ नशीब होतं का? आणि सहावा क्रमांक असताना पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा त्या स्पर्धेत प्रवेश कसा मिळाला?

उत्तर:

नशिबाची साथ होती, हे आधीच मान्य करतो. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एका छोट्या हिशेबात दडलंय.

त्या मोसमात चेल्सीला दोन प्रशिक्षक होते. पहिला आंद्रे व्हिलास-बोआस. त्याच्या हाताखाली लीगचे २७ सामने झाले, गुण मिळाले ४६. ४ मार्च २०१२ ला त्याला काढलं आणि त्याचाच सहायक रॉबर्टो डी मॅटेओ याच्याकडे संघ तात्पुरता सोपवला. उरलेल्या ११ सामन्यांत गुण आले १८. भागाकार करून बघा, दर सामन्यामागची सरासरी नव्या प्रशिक्षकाच्या काळात किंचित घसरलेलीच दिसेल. म्हणजे माणूस बदलला आणि संघ सुधारला, असं लीगचा तक्ता तरी म्हणत नाही. आता बाद पद्धतीचे सामने घ्या. डी मॅटेओच्या काळात एफए कप या इंग्लंडमधल्या बाद स्पर्धेचे ४ आणि चॅम्पियन्स लीगचे ६, असे १० सामने झाले. त्यातला एकही चेल्सी हरली नाही.

खेळाडू तेच, दिवस तेच. मग हा फरक कुठून आला? माझं मत असं की त्या संघात दर आठवड्याला धावण्याइतकं बळ उरलेलं नव्हतं, पण मोजक्या रात्रींपुरतं भरपूर होतं. आणि त्या रात्री कोणत्या, हे डी मॅटेओने अचूक ओळखलं.

मी कोल्हापूरचा. कॉलेजात असताना पेठेच्या संघातून स्टॉपर, म्हणजे बचावफळीच्या मधला खेळाडू, म्हणून खेळायचो, त्यामुळे कोणताही सामना बघताना माझी नजर आधी बचावफळीवर जाते. व्हिलास-बोआसचं काय चुकतंय, ते तिथेच दिसत होतं. हा माणूस कच्चा अजिबात नव्हता. आदल्याच मोसमात त्याने पोर्तोला एकही सामना न हरता पोर्तुगालची लीग जिंकून दिली होती, वर युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, युरोपा लीगही. चेल्सीत आला तेव्हा वय ३३, म्हणजे संघातल्याच लॅम्पार्ड आणि ड्रोग्बापेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठा. त्याला बचावफळी मैदानाच्या मध्यरेषेकडे सरकवून खेळायचं होतं. त्यासाठी मागे उलटा वळून धावणारे स्टॉपर लागतात. चेल्सीचा कर्णधार आणि स्टॉपर जॉन टेरी याचं डोकं, त्याची जागा धरण्याची समज, हवेतला चेंडू या सगळ्याला तोड नव्हती, पण वेग कधीच नव्हता. ऑक्टोबरमध्ये आर्सेनलने चेल्सीच्याच मैदानावर ५-३ ने हरवलं तेव्हा व्हॅन पर्सीने हॅटट्रिक केली, आणि त्यातल्या एका गोलच्या वेळी टेरी घसरून पडला होता. लोक हसले. मला मात्र वाईट वाटलं, कारण पाठीमागे तीस-चाळीस मीटर मोकळी जागा सोडून उभं राहिलं की पोटात काय होतं, ते मी शाहू स्टेडियमवर अनुभवलंय.

फेब्रुवारीत मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ३-० ची आघाडी घेऊन ३-३ वर समाधान मानावं लागलं. एव्हाना जुने खेळाडू एकेक करून बाकावर बसू लागले होते. आनेल्का तर जानेवारीत चीनला निघून गेला. पुढे २०१४ मध्ये तो आपल्या मुंबई सिटीकडून खेळायला आला, तोच हा.

आणि मग नेपल्स. २१ फेब्रुवारी, चॅम्पियन्स लीगमध्ये तिथल्या नापोली क्लबविरुद्ध दोन सामन्यांतला पहिला सामना. या एका सामन्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळे म्युनिकच्या अंतिम सामन्याबद्दल बोलतात आणि हा विसरतात. लॅम्पार्ड, एसिएन आणि ॲशली कोल तिघेही बाकावर. माटाने पहिला गोल केला, पण लावेझ्झीचे दोन आणि कावानीचा एक, असे नापोलीचे ३-१ झाले. सुरुवातीलाच बोसिंग्वा जखमी झाला, म्हणून नाइलाजाने कोलला उतरवावं लागलं. शेवटच्या काही मिनिटांत माज्जोचा फटका गोलरेषेवरून बाहेर काढला तो याच कोलने. आता पुढचं गणित बघा. लंडनमधल्या दुसऱ्या सामन्यात ९० मिनिटांनंतर गुणफलक होता ३-१. दोन्ही सामने मिळून ४-४, म्हणून जादा वेळ. नेपल्समध्ये तो चौथा गोल झाला असता, तर जादा वेळेचा प्रश्नच उरला नसता. चेल्सी तिथेच बाद, आणि तुमचा हा प्रश्नही जन्माला आला नसता. ज्याला प्रशिक्षकाने खेळवायचंच नाही असं ठरवलं होतं, त्याने तो मोसम वाचवला.

परतीचा सामना १४ मार्चला झाला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा सव्वा वाजला होता. डी मॅटेओला सूत्रं हाती घेऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याने नवं काही आणलं नाही. बचावफळी मागे आणली, जुन्यांना परत बोलावलं. गोल कुणी केले ते वाचा: ड्रोग्बा, टेरी, लॅम्पार्डची पेनल्टी, आणि जादा वेळेत इव्हानोविच. ४-१. पहिले तिघे म्हणजे तेच, ज्यांचे दिवस संपले असं सगळे म्हणत होते. पहाटे पावणेचारला टीव्ही बंद केला तेव्हा घरातलं कुणीच जागं नव्हतं, आणि हे सांगायला माझ्याजवळ माणूस नव्हता.

उपांत्यपूर्व फेरीत बेन्फिकाला दोन्ही वेळा हरवलं. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

एप्रिलमध्ये मात्र डी मॅटेओच्या वाटणीचं कसब उघड झालं. दिवस बघा. १५ एप्रिलला वेम्बलीवर एफए कपची उपांत्य लढत, टॉटनहॅमला ५-१ ने हरवलं (त्यातला माटाचा एक गोल रेषेपार गेलाच नव्हता, हेही सांगायला हवं). १८ ला बार्सिलोना. २१ ला लीगमध्ये आर्सेनल. २४ ला पुन्हा बार्सिलोना, त्यांच्या मैदानावर. दहा दिवसांत चार सामने, आणि ड्रोग्बा ३४ वर्षांचा. डी मॅटेओने आर्सेनलविरुद्ध ड्रोग्बा, लॅम्पार्ड, माटा, कोल अशा बऱ्याच जणांना सुरुवातीच्या अकरांत ठेवलंच नाही. सामना ०-० सुटला. चौथ्या क्रमांकासाठी झगडणाऱ्या संघाने असा सामना सोडणं लीगच्या दृष्टीने वेडेपणाच होता, पण तोच त्याचा निर्णय होता.

पहिला बार्सिलोना सामना ड्रोग्बाच्या गोलवर १-० जिंकला. बार्सिलोनाचे दोन फटके गोलपोस्टला लागले. हे नशीब, कबूल. पण तो गोल कसा आला? मध्यंतराच्या तोंडावर लॅम्पार्डने मेस्सीच्या पायातला चेंडू काढला, लांब रामिरेसकडे दिला, रामिरेसने आत ढकलला आणि ड्रोग्बाने जाळ्यात घातला. तीन माणसं, काही सेकंद. अख्ख्या पहिल्या अर्धात तेवढी एकच फट मिळाली होती.

२४ एप्रिलची रात्र मी आणि दादाने एकत्र बघितली. दादा बार्सिलोनाचा. स्टॉपर केहिल बाराव्या मिनिटाला जखमी होऊन बाहेर. ३५ व्या मिनिटाला बुस्केट्सचा गोल. ३७ व्या मिनिटाला टेरीने चेंडू नसताना सांचेझला पाठीत गुडघा मारला आणि लाल कार्ड घेतलं. कर्णधाराने इतकं बेजबाबदार वागावं याचा राग मला आजही आहे. ४३ व्या मिनिटाला इनिएस्टाचा गोल, २-०. दोन्ही स्टॉपर गेलेले, दहा माणसं, समोर ग्वार्डिओलाची बार्सिलोना. दादा म्हणाला, “झोप आता, उद्या कामावर जायचंय.” तेवढ्यात रामिरेस एकटा धावत गेला आणि गोलरक्षक वाल्डेसच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकला. बाहेरच्या मैदानावरचा गोल बरोबरीत जड धरला जायचा, त्यामुळे २-१ ला चेल्सीच पुढे जात होती.

त्यानंतरचा अर्धा तास-पाऊण तास स्टॉपरने खेळणाऱ्या प्रत्येक पोराला दाखवावा असा आहे. मधे बोसिंग्वा आणि इव्हानोविच, म्हणजे त्या मोसमात एरवी उजव्या बगलेला खेळणारे दोघे. उजव्या बगलेला मध्यरक्षक रामिरेस. आणि डावीकडे, कोलच्या जोडीला, चक्क ड्रोग्बा. त्याच ड्रोग्बाने बचाव करताना फाब्रेगासला पाडलं आणि पेनल्टी दिली. मेस्सीने ती क्रॉसबारवर मारली. पुढे मेस्सीचाच आणखी एक फटका खांबाला लागला. ही पेनल्टी आत गेली असती तर खेळ खलास होता, नाही म्हणणार नाही. पण बाकीचे क्रॉस, बाकीचे फटके माणसांनी अडवले. प्रत्येकाने आपली दहा फूट जागा धरली आणि बाहेर खेचलं तरी कुणी ती सोडली नाही. भरपाई वेळेत बचावातून सुटलेला चेंडू टोरेसला मिळाला. समोर अर्धं मैदान रिकामं. त्याने वाल्डेसला चकवून २-२ केले. या टोरेसवर ५ कोटी पौंड मोजले होते आणि ऑक्टोबर ते मार्च असे पाच महिने त्याला एक गोल करता आला नव्हता. दादाने काही न बोलता चहा टाकला.

किंमत जबर होती. टेरी, इव्हानोविच, रामिरेस आणि मेरेलेस हे चौघे कार्डांमुळे अंतिम सामन्याला मुकले. आणि लीगमध्येही किंमत मोजावी लागलीच. २ मे ला न्यूकॅसलने चेल्सीच्या मैदानावर येऊन २-० ने हरवलं, ५ मे ला लिव्हरपूलविरुद्ध एफए कप २-१ ने जिंकला, आणि तीनच दिवसांनी त्याच लिव्हरपूलने लीगमध्ये ४-१ ने धुतलं. एका आठवड्यातले हे तीन निकाल शेजारी ठेवले की अख्खा मोसम समजतो. शेवटी ६४ गुण आणि सहावं स्थान.

१९ मे ला म्युनिक. अंतिम सामना जर्मनीच्या बायर्न म्युनिकशी, तोही बायर्नच्या स्वतःच्या मैदानावर. केहिल आणि डेव्हिड लुईझ दोघेही मांडीच्या दुखापतीतून नुकते उठलेले, तरी तेच स्टॉपर. डाव्या बाजूला कोलच्या पुढे रायन बर्ट्रंड, ज्याचा चॅम्पियन्स लीगमधला हा पहिलाच सामना होता. बायर्नचेही तिघे, अलाबा, बाडश्टुबर आणि लुईझ गुस्ताव्हो, निलंबित होते. तेव्हा रडगाणं एकट्या चेल्सीचं नव्हतं. ८३ व्या मिनिटाला म्युलरने हेडरवर गोल केला. मग बायर्नने म्युलरला काढून व्हान बाउटन हा बचावपटू आणला. ८८ व्या मिनिटाला चेल्सीला कॉर्नर मिळाला. बायर्नला त्या रात्री २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला हा एकच. माटाने तो जवळच्या खांबाकडे टाकला आणि ड्रोग्बाने हेडरने असा हाणला की बायर्नचा गोलरक्षक नॉयर याचा हात लागूनही आत गेला.

जादा वेळेत ड्रोग्बाने रिबेरीला पाडून पुन्हा पेनल्टी दिली. मारणारा रॉबेन, चेल्सीचाच जुना खेळाडू. चेल्सीचा गोलरक्षक पेट्र चेक याने ती अडवली. टायब्रेकरमध्ये माटाची पहिलीच पेनल्टी हुकली, तरी चेकने ओलिचची अडवली आणि श्वाइनश्टायगरची बोटांनी खांबावर ढकलली. रॉबेनची धरून बायर्नच्या सहा पेनल्टी त्या रात्री झाल्या आणि सहाही वेळा चेक योग्य बाजूला झेपावला. याला मी नशीब म्हणायला तयार नाही. तो अभ्यास आहे. आपल्याकडे तोवर २० तारीख उजाडली होती, म्हणजे चेकचा तिसावा वाढदिवस.

शेवटची पेनल्टी ड्रोग्बाची. २००८ च्या मॉस्कोतल्या अंतिम सामन्यात याला लाल कार्ड मिळालं होतं, म्हणून टायब्रेकरला तो मैदानावरच नव्हता. याच वर्षी फेब्रुवारीत आफ्रिका कपच्या अंतिम सामन्यात त्याने आयव्हरी कोस्टसाठी पेनल्टी बाहेर मारली होती आणि कप झांबियाकडे गेला होता. म्युनिकमध्ये त्याने दोनच पावलं मागे घेतली आणि शांतपणे चेंडू नॉयरच्या विरुद्ध बाजूला ठेवला. लंडनच्या क्लबने ही स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या तेव्हाच्या नियमानुसार एका देशाचे जास्तीत जास्त चार संघ चॅम्पियन्स लीग खेळू शकत. गतविजेता देशात पहिल्या चारांत नसेल तर त्याला चौथ्याची जागा मिळायची. हा नियम २००५ नंतर पक्का झाला. त्या वर्षी लिव्हरपूल पाचवी आली असूनही युरोप जिंकली होती आणि तिला चौथ्या एव्हर्टनसोबत खास परवानगीने घ्यावं लागलं होतं. २०१२ ला चौथी होती टॉटनहॅम, ६९ गुण घेऊन, चेल्सीपेक्षा ५ जास्त. लीग १३ मे ला संपली आणि टॉटनहॅमचे लोक सहा दिवस बायर्नच्या विजयाची वाट बघत बसले. ड्रोग्बाच्या त्या पेनल्टीने त्यांना युरोपा लीगमध्ये पाठवलं. ३८ सामने खेळून कमावलेली जागा दुसऱ्यांच्या टायब्रेकरमध्ये गेली, आणि चेल्सीचा चाहता असूनही मला तो नियम न्याय्य वाटत नाही.

डी मॅटेओला जूनमध्ये दोन वर्षांचा करार मिळाला आणि युव्हेंटसकडून ३-० ने हरल्यावर नोव्हेंबरात काढूनही टाकलं. ड्रोग्बा तोवर शांघायला गेला होता. चेल्सी त्या वर्षी गटसाखळीतच बाद झाली. गतविजेत्यावर अशी वेळ येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.