मी तर काहीच खात नाही हो!

साठी उलटलेली बाई वजनासाठी माझ्याकडे आली की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "मी तर काहीच खात नाही हो, तरी वजन का वाढतं?" पाठोपाठ दुसरं येतं, जरा हळू आवाजात. "आणि आता या वयात काही फरक पडेल का?" मी आहार समुपदेशक आहे, आणि माझा अनुभव असा की पहिलं वाक्य खोटं नसतं. बाई ताट वाढून घेऊन खरंच फारसं जेवत नाही. खाणं होतं ते ताटाबाहेर.

साताऱ्याकडच्या एका काकूंची गोष्ट त्यांना विचारून इथे सांगते आहे. नाव देत नाही, एक-दोन तपशीलही बदलले आहेत. वय ६७, उंची पाच फूट, वजन ७८ किलो. मधुमेह, रक्तदाब दोन्ही जुने. साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी ८.२. गुडघे झिजलेले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशनचं बघू, पण आधी वजन उतरवा. सोबत सूनबाई होती, हातात फाईल आणि तोंडात प्रश्न. "मॅडम, आईंनी दीक्षित करावं की दिवेकर?"

दीक्षित म्हणतात तसं दिवसातून दोनदाच जेवावं की दिवेकर म्हणतात तसं थोडं थोडं दर दोन तासांनी खावं, यावर आपल्याकडे घराघरांत दोन पक्ष पडलेत. मी त्या वादात शिरले नाही. आधी गोळ्यांची पिशवी मागितली. त्यात ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा नाहीतर उपाशी. ती चालू असताना कुणी एकदम जेवण निम्म्यावर आणलं तर साखर धोका होईल इतकी खाली जाऊ शकते.

"काकू, एकादशीला दुपारच्याला हातपाय थरथरतात का?"

"थरथरतात की. दरदरून घाम सुटतो. मग पेढा टाकते तोंडात. उपास सोसत नाही आता, दुसरं काय."

उपास सोसत नव्हता असं नाही, साखर उतरत होती. मधुमेहाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, त्यांनी गोळीची मात्रा कमी केली, रक्तदाबाच्या गोळीकडेही लक्ष ठेवायला सांगितलं, क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री केली. ताटाला हात लावला तो त्यानंतर. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. यूट्यूबवर काहीही सांगितलेलं असो.

मग सूनबाईला एक वही दिली. सासूबाईंच्या तोंडात जे जाईल ते आठवडाभर लिहायचं, जेवण सोडून. काकूंना हसू आलं, "जेवण सोडून काय लिहिणार?" वही भरून आली. सकाळी चहाबरोबर रात्रीची उरलेली पोळी. नातवाने टाकलेला अर्धा पराठा. डबे भरताना भाजीची चव, ती दोनदा. दुपारी चार वाजता चहा आणि टोस्ट. भजनाला प्रसादाचा शिरा. रात्री पातेल्याच्या तळाशी उरलेला भात, "एवढासाच". गोड कधीच सोडलेलं, फक्त चहा सोडून. चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी, साधारण एका भाकरीइतक्या. भाकरीने निदान पोट तरी भरतं.

तेलाचा हिशेब मी नेहमी महिन्याच्या किराणा यादीवरून करते, चमच्यावरून नाही. घरात माणसं पाच, तेल महिन्याला आठ लिटर. म्हणजे माणशी रोज जवळपास ५० ग्रॅम. २५-३० ग्रॅम पुरतात. तेल आठ लिटरांवरून पाचावर आलं तेव्हा घरात कुणाला फरक कळला नाही. कळलं फक्त किराणावाल्याला.

खरी गाठ उरलेल्या अन्नाची होती. "ते खाऊ नका" असं म्हटल्यावर काकूंचा चेहरा बदलला. जरा वेळाने बोलायला लागल्या. माहेर माण तालुक्यातलं. १९७२च्या दुष्काळात त्या पंधरा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जायच्या. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची, आणि दुष्काळी कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे ती धाकट्या भावासाठी पदरात बांधून आणायच्या. "आणि तुम्ही म्हणता पराठा टाकून द्या."

मी तसं म्हटलं नव्हतं, पण त्यांना तसंच ऐकू येणार. त्या पिढीच्या माणसाला कॅलरीचा तक्ता दाखवून उपयोग नसतो. अन्न टाकायचं नाही हे पक्कं धरूनच पुढे जायचं ठरवलं. प्रश्न उरला तो उरण्याचा. घरात रोज अंदाजाने वीस पोळ्या व्हायच्या, कुणी आलं-गेलं तर असाव्यात म्हणून. आता संध्याकाळी सहा वाजता सूनबाई प्रत्येकाला विचारते, किती? तेवढ्याच लाटतात. नातवाला आधी अर्धाच पराठा वाढतात, हवा तर दुसरा अर्धा. तरी काही उरलं तर दुसऱ्या दिवशीच्या जेवणात ते धरायचं, जेवणावर वरकड नाही. काकूंना हे पटलं, कारण यात काही टाकावं लागत नव्हतं. नातवाला मात्र आजी कंजूष झाली असं वाटतं.

पहिल्याच भेटीत त्यांनी आणखी एक सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी शेजारणीचं ऐकून रात्रीचं जेवण पूर्ण बंद केलेलं. महिन्यात चार किलो उतरले. सगळे कौतुक करत होते आणि यांना जमिनीवर बसलं की उठता येईना. पुढे सगळं वजन परत आलं, वर दोन किलो जास्त. साठीनंतर नुसती उपासमार केली की हेच होतं. पन्नाशीनंतर स्नायू तसेही वर्षाला साधारण एक टक्क्याने झडत असतात. खाणं एकदम तोडलं की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि वजन परत येतं तेव्हा बहुतेक चरबीच येते. काटा तोच दाखवतो, माणूस मात्र आधीपेक्षा अशक्त झालेला असतो. म्हणून या वयात काय कमी करायचं याच्या आधी काय वाढवायचं ते मी ठरवते.

वाढवायची होती प्रथिनं. काकूंच्या रोजच्या खाण्यात ती जेमतेम ३५ ग्रॅम भरत होती, मला ६०च्या आसपास हवी होती. काकू माळकरी, त्यामुळे अंडी-मासळीचा प्रश्नच नाही. सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं. आमटी पळीवाढी न ठेवता वाटीभर घट्ट वरण. दुपारी मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ, कधी शेंगोळे. वाटीभर दही, झोपताना कपभर दूध, आठवड्यात तीनदा थोडं पनीर. भात मूठभर, भाकरी एका वेळी एकच, आणि ताटात आधी भाजी-कोशिंबीर वाढायची. हुलगा मी सांगितला तेव्हा काकू खुलल्या. "हे तर आमच्या आईचं जेवण." सूनबाईने हुलगा पहिल्यांदाच शिजवला.

एकादशीला हात लावायची माझी छाती नव्हती आणि गरजही नव्हती. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मात्र काकूंनीच ऐकवली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात बटाटा, तूप, वर वेफर्स, रात्री रताळ्याचा कीस. आता वरईचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, ताक, एखादं फळ असं वेळच्या वेळी खातात. गोळीची मात्रा उतरली आणि उपासाचं खाणं वेळेवर झालं, तेव्हापासून थरथर नाही.

व्यायाम म्हणून एकच गोष्ट रोज सक्तीची. बिनहाताच्या खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं, बसायचं. खुर्ची भिंतीला टेकवून, सूनबाई शेजारी उभी. सुरुवातीला मांडीवर हात रेटून कसंबसं दोनदा. चार महिन्यांनी आधाराशिवाय दहा वेळा. मंदिरापर्यंतचं चालणं आधीपासून होतंच, पण चालण्याने मांडीत ही ताकद येत नाही.

आठ महिन्यांत वजन ७८ वरून ७१.५ वर आलं. दिवाळीच्या महिन्यात काटा हलला नाही. फराळ झाला, होणारच. एचबीएवनसी ६.९, ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली. गुडघ्यांचा एक्स-रे आहे तसाच आहे, झिजलेला सांधा आहाराने भरून येत नाही. पण झिजलेल्या गुडघ्याच्या जाड माणसाचं वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. काकू आता जिना कठड्याला एकच हात लावून चढतात. ऑपरेशन पुढे ढकललंय, रद्द झालेलं नाही. चहात अजूनही एक चमचा साखर असते. त्यावर आमची रस्सीखेच चालू आहे.

"आता पंचावन्नवर कधी येणार?" असं सूनबाईने मध्ये विचारलं. उंचीच्या तक्त्यात बसवायला काकू काही पंचविशीच्या नाहीत. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरले आणि टिकले, की साखर, रक्तदाब, गुडघे या तिन्हींवर फरक दिसतो. ते झालंय. इथून पुढे अर्धा-एक किलो कमी झाला तर ठीक, नाही झाला तरी खुर्चीवरून उठायचे आकडे घसरता कामा नयेत.

गेल्या भेटीत निघता निघता काकू कौतुकाने म्हणाल्या, "मी एवढी झगडतेय, आणि आमच्या ह्यांचं बघा, काही न करता सहा महिन्यांत सहा किलो उतरलं!" काकांचं वय ७२. मी त्यांना परत खाली बसवलं. म्हाताऱ्या माणसाचं वजन न ठरवता उतरत असेल तर त्याला डाएट लागत नाही, डॉक्टर लागतो. थायरॉइड, साखर, दात, मनाची उदासी, पोटाचा किंवा छातीचा एखादा आजार, यांपैकी काहीही असू शकतं. त्यांना त्याच आठवड्यात रक्त तपासायला न्या म्हणून सांगितलं. सूनबाईने वहीचं नवं पान उघडून काकांचं नाव लिहिलं.