सेन्सर ड्रायव्हरमध्ये चुकीचा इनपुट आला तर एरर द्यावी की व्हॅल्यू मर्यादेत आणावी?

तुम्ही तापमानाच्या सेन्सरचा लिनक्स ड्रायव्हर लिहिताय. कमाल मर्यादा आणि सॅम्पलिंगचा वेग सिसएफएसमधून (ड्रायव्हरची सेटिंग्ज फाइल्सच्या रूपात दाखवणारी लिनक्सची सोय) बदलता येतो. त्या फाइल्सवर फक्त रूटच (सर्वाधिकारी युजर) लिहू शकतो, मग तपासणी हवीच कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

त्याचं उत्तर आधी देतो. हा रूट म्हणजे बहुतेकदा कुणीतरी घाईत लिहिलेली स्क्रिप्ट असते. तिच्यातला व्हेरिएबल रिकामा निघाला की तुमच्या स्टोअर फंक्शनच्या (फाइलवर लिहिलेलं ड्रायव्हरमध्ये घेणारं फंक्शन) हाती नुसतं एक नव्या ओळीचं चिन्ह येतं. म्हणून स्ट्रिंगमधून आकडा काढायला एसस्कॅनएफ (sscanf) नको. ते '२५कखग' मधून २५ उचलतं आणि उरलेल्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कर्नलचं केएसटीआरटूएल (kstrtol) वापरा. त्याला अख्खी स्ट्रिंग आकडाच लागतो, इको कमांडने शेवटी जोडलेलं नव्या ओळीचं एक चिन्ह तेवढं चालतं. त्याने दिलेला एरर कोड आहे तसा परत करा, स्वतःचा बनवू नका.

आता एरर की मर्यादा. एचडब्ल्यूमॉनचा (hwmon, कर्नलमधला अशा सेन्सर ड्रायव्हरचा विभाग) संकेत सरळ आहे: सलग बदलणारी राशी असेल (तापमान, व्होल्टेज) तर क्लॅम्प करा, म्हणजे व्हॅल्यू जवळच्या मर्यादेवर आणा; ठराविक पर्यायांतून निवड असेल तर मायनस ईइन्व्हॅल (-EINVAL, 'अवैध इनपुट' हा एरर कोड) द्या.

खरी गोम क्रमात आहे. समजा चिपमधलं मर्यादा साठवणारं रजिस्टर ८ बिटांचं आहे, –१२८ ते १२७ अंश. सिसएफएसवर आकडा मिलिअंशांत (अंशाच्या हजाराव्या भागांत) येतो, म्हणून हात आपसूक आधी १००० ने भागायला जातो आणि क्लॅम्प मागून येतो. पण भागाकार जवळच्या पूर्णांकात देणारं कर्नलचं डिव्हराउंडक्लोजेस्ट (DIV_ROUND_CLOSEST) ऋण आकड्यातून भागण्याआधी ५०० वजा करतं. कुणी –९२२३३७२०३६८५४७७५८०८ लिहिलं, तर ६४ बिटांच्या मशीनवर तो सर्वांत लहान आकडा असल्याने त्यातून ५०० वजा करायला जागाच नाही. आकडा गुंडाळला जाऊन प्रचंड धन होतो आणि क्लॅम्प इमानेइतबारे १२७ देतो. लिहिणाऱ्याने मागितली नीचांकी मर्यादा, चिपला मिळाली सर्वोच्च, आणि एररही नाही! म्हणून आधी –१२८००० ते १२७००० मध्ये क्लॅम्प, मग भागाकार. २०२४ मध्ये एचडब्ल्यूमॉनच्या काही जुन्या ड्रायव्हरमध्ये हाच क्रम दुरुस्त करणारे पॅच आले, तेव्हा हे पुस्तकी प्रकरण नाही.

सॅम्पलिंगच्या वेगात शून्य आधी पकडा, कारण त्यावरून कालावधी काढताना शून्याने भागाकार होतो. चिप मोजकेच वेग देत असेल तर ते टेबलात ठेवा, टेबलात नसेल ते नाकारा.

चुकीच्या इनपुटवर दरवेळी लॉगमध्ये ओळ टाकू नका, एरर कोड पुरे. सगळं नीट झालं की स्टोअर फंक्शनमधून काउंट (किती बाइट लिहायला आले तो आकडा) परत करा. शून्य परत केलंत तर इकोला वाटतं काहीच लिहिलं गेलं नाही, आणि ते पुन्हा पुन्हा तेच लिहीत बसतं.