बिहाइंड, मार्क आणि फुटबॉलमधला अंपायर

प्रश्न असा आहे : "दिवाळी अंकासाठी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या पहिल्या पिढीतल्या खेळाडूंवर आणि क्लबांवर लेख लिहिते आहे. काही शब्दांपाशी गाडी अडली. जुन्या हकिगतींत सगळीकडे 'अंपायर' दिसतो. संपादकांनी तो खोडून 'रेफरी' केला. 'बिहाइंड'ला 'पिछाडी' आणि 'मार्क'ला 'गुण' चालेल का? क्लबला सरसकट 'संघ' म्हणावं का?"

संपादकांना आधी थांबवा. अंपायरच बरोबर आहे. आजही त्या खेळात अंपायरच असतो, रेफरी कधी नव्हताच.

याचं कारण खेळाच्या जन्मात आहे. हा फुटबॉल, म्हणजे सॉकर नव्हे तर चेंडू पायाने मारायचा आणि हातानेही झेलायचा असा ऑस्ट्रेलियाचा आपला खेळ, क्रिकेटवाल्यांनी काढला, तोही हिवाळ्यात अंग आखडू नये म्हणून. टॉम विल्स 1835 साली न्यू साउथ वेल्समध्ये जन्मला, शिकला इंग्लंडच्या रग्बी शाळेत आणि परत येऊन मेलबर्नचा बिनीचा क्रिकेटपटू झाला. 10 जुलै 1858 रोजी 'बेल्स लाइफ इन व्हिक्टोरिया' या पत्रात त्याचं पत्र छापून आलं. मथितार्थ असा : क्रिकेटचा हंगाम सरला, आता सुस्ती चढू द्यायची नसेल तर एक फुटबॉल क्लब काढा, ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा. महिनाभरात, 7 ऑगस्टला, स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या दोन शाळांचा सामना रिचमंड पॅडकवर लागला. एकेका बाजूला 40 पोरं. सामना पुढे आणखी दोन शनिवार चालला आणि दोन्हींचा एकेक गोल होऊन बरोबरीत सुटला. या सामन्याला दोन अंपायर होते. एक स्वतः विल्स आणि दुसरे डॉ. जॉन मॅकॅडम, म्हणजे हल्ली सुक्यामेव्याच्या दुकानात महागडा मॅकॅडेमिया मिळतो, त्याला ज्यांचं नाव दिलं तेच.

माणसं क्रिकेटची, म्हणून शब्दही क्रिकेटचा. आणि ही सरमिसळ नुसती सुरुवातीपुरती नव्हती. जॉर्ज कूल्टहार्ड हा कार्लटन क्लबचा 1870च्या दशकातला पहिल्या फळीतला खेळाडू. फेब्रुवारी 1879 मध्ये लॉर्ड हॅरिसचा इंग्लिश क्रिकेट संघ सिडनीत खेळत होता, तेव्हा पाहुण्यांनी मेलबर्नहून आणलेला अंपायर हाच. त्याने सिडनीकरांच्या लाडक्या बिली मर्डॉकला धावबाद दिलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. क्रिकेटच्या इतिहासात ही दंगल प्रसिद्ध आहे. पण त्यातला अंपायर फुटबॉलमधला मोठा माणूस होता हे क्रिकेटच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. पुढे 1882 मध्ये तो ऑस्ट्रेलियाकडून एक कसोटीही खेळला आणि 1883 साली क्षयाने गेला. तुमच्या लेखात त्याला जागा द्याच.

एमसीजीवर भारताची मॅच बघायला जाणाऱ्यांपैकी कुणाला वेळ मिळाला तर मैदानाबाहेर विल्सचा पुतळा आहे, तो बघावा. खेळाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या माणसाला शिल्पकाराने खेळताना दाखवलेलं नाही. दोन पोरं चेंडूसाठी झटताहेत आणि हा शेजारी अंपायर म्हणून उभा आहे.

मराठीत आपली मात्र आयती सोय आहे. आपला 'पंच' क्रिकेटलाही चालतो, कबड्डीलाही आणि कुस्तीलाही. तेव्हा संपादकांशी हुज्जत घालायची नसेल तर 'पंच' लिहा आणि मोकळ्या व्हा. फक्त 'रेफरी' नको. मराठीला नको असलेला भेद त्याने आत येतो आणि तोही चुकीच्या बाजूने.

आता 'बिहाइंड'. इथे 'पिछाडी' लिहिलंत तर वाचक हमखास फसेल, कारण आपल्याकडे खेळाच्या बातमीत 'पिछाडी' म्हणजे गुणांत मागे पडणं. 'कार्लटनने 9 बिहाइंड केले' याचं 'कार्लटन 9 गुणांनी पिछाडीवर' असं झालं तर अर्थाचा पार उलटा प्रकार होईल, कारण बिहाइंड हा मिळवलेला गुण असतो.

हा शब्द मुळात जागेचा आहे. मे 1859 मध्ये मेलबर्न फुटबॉल क्लब स्थापन झाला आणि तीन-चार दिवसांत, 17 मे रोजी, ईस्ट मेलबर्नमधल्या परेड हॉटेलात बसून विल्स, हॅमर्स्ली, थॉम्प्सन आणि स्मिथ या मंडळींनी नियम लिहून काढले. एकूण 10. त्यातला चौथा नियम सांगतो की गोलच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना, त्याच रेषेत, 20-20 यार्डांवर आणखी एकेक खांब रोवायचा. पाचवा नियम सांगतो की चेंडू गोलच्या 'मागे' मारला गेला, तर ज्यांचा गोल असेल त्यांनी तो 20 यार्ड पुढे आणून लाथाडायचा. हे 'मागे' म्हणजेच बिहाइंड. त्यात गुण नव्हता की बक्षीस नव्हतं. चेंडू गोल चुकवून मागे गेला, एवढीच नोंद.

आजही मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब दिसतात, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. मधल्या दोहोंतून पायाने मारलेला चेंडू कुणाला न शिवता गेला तर गोल. उंच आणि बुटक्या खांबामधून गेला, किंवा उंच खांबाला घासून गेला, तर बिहाइंड. कडेचे ते बुटके खांब 1859 च्या त्याच चौथ्या नियमातले.

गंमत पुढे आहे. कित्येक वर्षं निकाल फक्त गोलांवर लागायचा. वर्तमानपत्रं बिहाइंडचे आकडे छापायची, लोक त्यावरून 'खरं तर आपणच वरचढ होतो' म्हणून वाद घालायचे, पण हिशेबात त्याची किंमत शून्य. 1896 साली आठ क्लब व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमधून फुटले आणि त्यांनी 1897 पासून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू केली : कार्लटन, कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय, जीलाँग, मेलबर्न, सेंट किल्डा, साउथ मेलबर्न. त्याच वर्षापासून गोलला 6 आणि बिहाइंडला 1 गुण ठरला. ज्या शब्दाचा अर्थ 'चुकला' असा होता, त्याला पहिल्यांदा किंमत आली.

त्या एका गुणाचं मोल सेंट किल्डाला विचारा. लीगमध्ये आल्यापासून हा क्लब ओळीने 48 सामने हरला. पहिले तीन हंगाम एकही विजय नाही. 1900 च्या पहिल्याच सामन्यात मेलबर्नशी बरोबरी झाली, तेव्हा सेंट किल्डाने तक्रार केली की मेलबर्नला दिलेला एक बिहाइंड घंटा झाल्यानंतरचा आहे. तक्रार मान्य झाली, तो बिहाइंड खोडला गेला आणि क्लबला पहिला विजय मिळाला, तोही कागदावर आणि एका गुणाने! या क्लबचं आजवरचं एकमेव विजेतेपद 1966 चं. अंतिम सामन्याचा गुणफलक : सेंट किल्डा 10.14 (74), कॉलिंगवूड 10.13 (73). शेवटच्या मिनिटांत सेंट किल्डाच्या बॅरी ब्रीनचा वेडावाकडा टप्पे घेत गेलेला चेंडू, म्हणजे एक बिहाइंड. पहिला विजय एक बिहाइंड खोडल्यामुळे आणि एकुलतं एक जेतेपद एक बिहाइंड मिळाल्यामुळे, असा दुसरा क्लब दाखवा.

हे आकडे लिहितानाही जपा. 10.14 हा दशांश अपूर्णांक नाही. 10 गोल, 14 बिहाइंड, कंसात बेरीज. मुद्रितशोधकाने '10.1' करून ठेवलं तर विजय गेला. आणि शब्द 'बिहाइंड'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्धं वाक्य खर्चून समजवा. कबड्डीत लोण चढतं ते काही मिठाचं पोतं नसतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याने तिथे मिठाचा शब्द घातला तर आपण कपाळावर हात मारू.

'मार्क'ची अडचण निराळी. मराठीत हा शब्द शाळेने आधीच बळकावलेला आहे. 'थर्गूडने भराभर मार्क घेतले' असं वाचून कुणालाही तो हुशार विद्यार्थी वाटेल. (एसेंडनचा अल्बर्ट थर्गूड होता मात्र तसाच, 1890च्या दशकात लोक त्याला 'अल्बर्ट द ग्रेट' म्हणत.) 'गुण' तर अजिबात नको, कारण मार्कने एकही गुण मिळत नाही. दुसऱ्याने पायाने मारलेला चेंडू वरच्या वर झेलणं म्हणजे मार्क. झेलणाऱ्याला तिथून निर्धोक फटका मारायला मिळतो. 1859 च्या सहाव्या नियमातच आहे : चेंडू थेट पायावरून झेलणाऱ्याने 'मार्क' म्हणून पुकारायचं, मग खूण केलेल्या जागेच्या आत प्रतिपक्षाने यायचं नाही. म्हणजे मार्क ही जमिनीवरची खूण होती, झेलाचं नाव ती नंतर झाली. चार वर्षांनी, 1863 मध्ये, लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने जे पहिले नियम केले त्यातही चेंडू नीट झेलणाऱ्याने टाचेने जमिनीवर खूण करून फ्री किक मागायची तरतूद होती. सॉकरने ती पुढे टाकून दिली, या खेळाने जपली.

इथे एक व्युत्पत्ती तुमच्या वाचनात येईल, म्हणून आधीच सांगतो. पश्चिम व्हिक्टोरियातल्या आदिवासींचा 'मार्न ग्रूक' नावाचा चेंडूचा खेळ होता आणि त्यातल्या 'झेलणे' अर्थाच्या 'मुमार्की' शब्दावरून 'मार्क' आला, असं म्हणतात. विल्सचं बालपण त्या मुलखात गेलं, जाब वुरुंग मुलांबरोबर तो खेळला, त्यांची भाषा बोलायचा, हे खरं. तिथल्या खेळाचा त्याच्यावर परिणाम झाला का, यावर इतिहासकारांत अजून जुंपलेली असते आणि तो वाद गंभीर आहे. पण 'मार्क' या एका शब्दापुरतं बोलायचं तर मला ती व्युत्पत्ती पटत नाही. तोच शब्द, त्याच नियमासाठी, ज्या शाळेत विल्स शिकला तिथल्या खेळातही होता. ध्वनी जुळला म्हणून मूळ जुळत नाही. आपल्याकडे संस्कृत-इंग्रजी जोड्या लावणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मराठीत माझी पसंती 'मार्क-झेल' अशा जोडशब्दाला. एकदा समजावला की पुढे नुसता 'झेल' चालतो.

क्लब आणि संघ. 1859-60 च्या काळाबद्दल लिहिताना यांची अदलाबदल करू नका. तेव्हाचा क्लब म्हणजे सभासदांचं मंडळ. बाहेरचा प्रतिस्पर्धी नसेल तर सभासद आपापसांत दोन बाजू पाडून खेळत, म्हणजे एकाच क्लबचे दोन संघ एका दिवसात. मैदानही धड नव्हतं. क्रिकेटवाले आपल्या हिरवळीला पाय लावू देत नसत, म्हणून बाहेरच्या पार्कात, खेळाच्या जागेत निलगिरीची झाडं उभी असताना सामने होत. पुढे आंतरक्लब सामने रुळले तेव्हा संघाला आकड्यावरून नाव पडलं, 'द ट्वेंटी', जसं क्रिकेटचं 'इलेव्हन'. आज मैदानात 18 असतात. तेव्हा स्थापना, वर्गणी, सभा असेल तिथे क्लब. मैदानात उतरले की संघ. 

न विचारलेले तीन शब्द जाता जाता. 'प्रीमियर' म्हणजे त्या हंगामाचा विजेता क्लब. व्हिक्टोरियाच्या मुख्यमंत्र्यांनाही प्रीमियरच म्हणतात, त्यामुळे 'एसेंडन 1897 चे प्रीमियर' हे 'विजेते' असंच लिहा. 'बॅरॅक करणे' ऑस्ट्रेलियात आपल्या क्लबच्या बाजूने ओरडणं. इंग्रज क्रिकेट समीक्षकांच्या लेखणीत तेच हुर्यो उडवणं होतं, म्हणून संदर्भ कुणाचा आहे ते पाहून भाषांतर करा. सैनिकी बराकींशी त्याचा संबंध लावणारी गोष्ट रंजक आहे, पण कोशकारांचा कल उत्तर आयर्लंडच्या बोलीतल्या 'बढाई मारणे'कडे आहे. आणि 'गर्नझी' म्हणजे खेळाडूची बंडी. 'गर्नझी मिळाली' याला आपल्याकडे 'वर्णी लागली' इतका चपखल वाक्प्रचार तयार आहे की दुसरं काही शोधू नका.

टोपणनावांबद्दल एवढंच, की ती जुन्या काळावर चिकटवू नका. विल्सचा मेलबर्न क्लब 'डेमन्स' नव्हता. ते नाव 1933 मध्ये फ्रँक ह्यूज प्रशिक्षक असताना रूढ झालं, त्याआधी हेच लोक 'फ्यूशिया', म्हणजे एका नाजूक लाल-जांभळ्या फुलाच्या नावाने ओळखले जात. साउथ मेलबर्नला 'स्वॉन्स' म्हणायला लागले तेही 1930च्या दशकात, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातून खेळाडूंची भरती झाली तेव्हा. काळा हंस हे त्या राज्याचं चिन्ह. हॉथॉर्नवाले 1940च्या दशकापर्यंत 'मेब्लूम्स' होते, 'हॉक्स' नंतर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या मजकुरात क्लबांची गावावरून पडलेली नावंच वापरा. कॉलिंगवूडचा 'मॅग्पाय', म्हणजे एक काळा-पांढरा पक्षी, तेवढा अपवाद : 1892 साली क्लब निघाला तेव्हापासून अंगावर काळे-पांढरे पट्टे आहेत.