गुलामांची जोडी हातात, तरी पत्ते टाकायचे होते?

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, वय २६, घरची केळी आणि कपाशी. २०२५ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी यायच्या आधी, एका अ‍ॅपवर पोकरची टुर्नामेंट खेळत होतो. शेवटी आम्ही चौघं उरलो आणि बक्षीस तिघांनाच होतं, पहिल्याला १० हजार, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४. माझ्याकडे ३० हजार चिप्स, एकाकडे ५० हजार, बाकी दोघं १०-१० हजारावर कसेबसे टिकून. ५० हजारवाल्यानं ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, माझ्याकडे गुलामांची जोडी, मी कॉल मारला, म्हणजे माझ्याही सगळ्या लावल्या. त्याची निघाली एक्का-सत्ती आणि टेबलावर सगळ्यांसाठी उघडतात त्यातल्या शेवटच्या पत्त्याला एक्का पडला. मी चौथा, हातात भोपळा. डोकं असं फिरलं की बियाण्यासाठी ठेवलेले पैसे त्याच रात्री टाकत गेलो, पहाटेपर्यंत सगळे साफ. मित्र म्हणतात, जाऊ दे भो, तू बरोबरच खेळला, नशीब खराब. मला ते पटत नाही, पण चूक नेमकी कुठं झाली तेही कळत नाही. आता टेलिग्रामवर एक जण मागे लागलाय, बाहेरच्या देशातलं अ‍ॅप आहे, तिथं बंदी लागत नाही, गेलेलं भरून निघेल म्हणतो. काय करू?

उत्तर : तुझे मित्र अर्धे बरोबर आहेत. त्या डावात पुढे तूच होतास, गुलामांची जोडी विरुद्ध एक्का-सत्ती म्हणजे शंभरातले सत्तरेक डाव जोडीचेच. आणि तरीही तो कॉल चुकला. एक्का पडला म्हणून चुकला असं नाही, एक्का पडला नसता आणि तू नाचत उठला असतास तरी चुकलेलाच होता. हे पटायला जड जातं म्हणून हिशोबच मांडतो.

आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते बसतात तिथं समोरचे शंभर रुपये म्हणजे शंभर रुपयेच. जिंकले, खिशात घातले, उठले (लोक उठू देतात का आणि पोलीस आले तर पळायचं कुठून हे विषय वेगळे). टुर्नामेंटच्या चिप्स अशा खिशात घालता येत नाहीत, त्यांची किंमत शेवटी तुझा नंबर कितवा येतो त्यावर ठरते. तुझ्या टेबलावर एक लाख चिप्स आणि २० हजाराची बक्षिसं होती. ३० हजार चिप्सवर तू काहीच न करता बसलास तरी पहिला, दुसरा, तिसरा यायची जी शक्यता निघते त्यावरून तुझा वाटा साधारण ६१५० रुपये होतो. कॉल करून जिंकलास की चिप्स ६० हजार, अगदी दुप्पट, पण वाटा मात्र ८१०० च्या आतच राहतो, कारण कितीही चिप्स जमवल्या तरी पहिल्याला १० हजाराच्या वर दमडी मिळत नाही. आणि हरलास की शून्य, कारण त्याच्याकडे तुझ्यापेक्षा जास्त चिप्स होत्या. म्हणजे १९०० मिळवायला तू ६१५० लावलेस. असा सौदा परवडायला शंभरात ७६ वेळा जिंकावं लागतं आणि तुझे होते सत्तरेक. त्या एका क्लिकमध्ये, पत्ता उघडायच्या आधीच, सरासरीनं चार-पाचशे रुपये गेले होते.

ब्लाइंडमध्ये, म्हणजे पत्ते बघायच्या आधी पाळीपाळीनं भरावी लागणारी सक्तीची रक्कम, त्यात तुझ्या काही चिप्स आधीच गेल्या असतील तर हे ७६ थोडं खाली येईल, पण पन्नासच्या जवळ काही येणार नाही, आणि बहुतेक पोरं मनात पन्नासच धरून खेळतात. या हिशोबाला पोकरवाले आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणतात. मूळ सूत्र घोड्यांच्या शर्यतीचं, १९७३ साली हार्व्हिल नावाच्या माणसानं मांडलेलं, आणि मेसन माल्मथनं १९८७ ला तेच पोकरच्या टुर्नामेंटसाठी स्वतंत्रपणे मांडलं. शर्यत काय नि पत्ते काय, दोन्हीकडे जुगारच, पण गणित चोख आहे.

आता त्याच्या बाजूनं बघ. त्यानं एक्का-सत्तीवर ऑल-इन केलं ते काय वेडा होता म्हणून? त्याला माहीत होतं की समोरचा शहाणा असेल तर एकदम दांडगे पत्ते असल्याशिवाय कॉलच करू शकत नाही, आणि चुकून हरलोच तरी आपल्याकडे २० हजार चिप्स उरतात. सगळा धोका तुझ्या अंगावर होता. खरं तर तो काहीही पत्ते घेऊन डोळे मिटून ऑल-इन करतोय अशी तुझी खात्री असती तर गुलामांची जोडी शंभरात सत्त्याहत्तरच्या आसपास जिंकते, म्हणजे कॉल जेमतेम बसला असता, जेमतेमच. राण्यांपासून वरची जोडी असती तर तेव्हा विचार. गुलाम गपचूप टाकून द्यायचे होते, ते दोन १० हजारवाले ब्लाइंड भरून भरून संपत आले होते, त्यातला एक गेला की तुझे ४ हजार पक्के आणि मग हवं तेवढं भांडायचं. दाब द्यायचा तर त्या दोघांवर द्यायचा, त्यांच्याशी हरला असतास तरी २० हजार चिप्स हातात राहिल्या असत्या.

पण खरं सांगू का, मला त्या कॉलचं एवढं काही वाटत नाही. चार-पाचशेची चूक, भलेभले करतात, हिशोब कळला की सुटते. तुझं बियाणं त्या कॉलनं गेलं नाही, ते गेलं त्यानंतरच्या रात्रीत, आणि पत्रात तू त्याला एकच ओळ दिलीस. त्या रात्री तू पोकर खेळत नव्हतास, पैसे परत आणायला बसला होतास, आणि तसं बसलेल्या माणसाला कुठलीही जोडी मोठीच दिसते, फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून देणं, त्याला सुचतच नाही. त्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून टाकलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागत होता, वर टेबलाची फी, म्हणजे समोर सगळे तुझ्याइतकेच हुशार असते तरी तोटाच व्हायचा. पहाटे तीनला समोर तुझ्याइतके रागावलेले कमी आणि अशा रागावलेल्यांची वाट बघत बसलेलेच जास्त. त्यामुळे मित्र नशीब खराब म्हणतात तेव्हा ते त्या एका एक्क्याबद्दल बोलतायत, उरलेल्या रात्रीबद्दल त्यांना विचार.

टेलिग्रामवाल्याचं थेट सांगतो, नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या कायद्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद आहेत, कौशल्याचा असो की नशिबाचा, पोकर आणि रमी दोन्ही त्यात आले. बाहेरच्या देशातून चालवला तरी भारतात देत असेल तर कायदा लागतो. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि हा माणूस नेमकं तेवढंच तुला सांगत असणार. तो जे सांगत नाही ते असं की बँकांना असे व्यवहार करायला मनाई आहे, म्हणून तो तुला कुणा तिसऱ्याच्याच नावाचा यूपीआय देईल, आणि जिंकलास असं धरलं तरी पैसे येतील ते अशाच कुणाच्या खात्यातून. त्या खात्याची फसवणुकीत तक्रार झालेली असली तर तुझंही खातं गोठतं, मग केळीचं पेमेंट अडकलं की घरी काय सांगशील?

घरावरून आठवलं, बियाण्याच्या पैशाचं घरी बोललास का ते पत्रात नाही. नसशील तर पुढच्या पेरणीच्या आधी सांगून टाक, बोलणी बसतील तर बसतील. आणि रात्री हात परत मोबाइलकडे जात असेल, झोप लागत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या माणसाला ब्लॉक कर, पण चॅट पुसू नको, आणि टोकन म्हणून काही पाठवून बसला असशील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव, सोबत व्यवहाराचा यूटीआर नंबर ठेव.