मुंबईत माणसं जोडायची तर लोकल धर

अरे, शेजारी दार लावून बसतात म्हणून नाराज होऊ नकोस. बिचारे घरी झोपण्यापुरतेच येतात. इथल्या ओळखी लोकलमध्ये होतात. रोज एकच गाडी, एकच डबा पकड. तिघांच्या बाकावर चौथी सीट मागायला लाजायचं नाही. उभा असलास तर बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारून जागा सांगून ठेव. हळूहळू कुणीतरी आपणहून तुझी बॅग रॅकवर ठेवेल. दसऱ्याला डबा सजवायची वर्गणी निघाली की पुढे हो, तिथेच तू ग्रुपमधला होतोस. बोरिवलीला उतरायचं असेल तर संध्याकाळच्या गर्दीत विरार फास्ट टाळ; ती लांब विरारकडे जाणाऱ्यांची गाडी, मध्येच उतरायला लागलास तर शिव्या खाशील. आणि रविवारी दादरला शिवाजी मंदिर नाट्यगृहात नाटक बघ. एकटा गेलास तरी कुणी वळून बघत नाही.